एकाच वेळी तीन मशीनचे तीन आकडे आणि रविवारी ३४० वरून थेट ५८, नक्की विश्वास कशावर ठेवायचा? (टाइप वन डायबेटीस, मुलगी ९ वर्षं)

लेकीची_आई (तासगाव)

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ऑक्टोबरमध्ये टाइप वन निघाला, म्हणजे आता सात महिने झाले. दिवाळीच्या आधी सारखी पाणी प्यायची, रात्री चार-चार वेळा उठायची, फ्रॉक ढगळ व्हायला लागले, आम्हाला वाटलं वाढीचं वय आहे आणि मग एक दिवस उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात घ्यायला लागली तेव्हा मिरजेला घेऊन धावलो. शुगर ५०० च्या वर आणि लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की अंगात साचणारं आम्ल. तीन दिवस आयसीयू. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

आता रुटीन बसलंय. रात्री लांब चालणारं इन्सुलिन एकदा आणि तीन जेवणांआधी झटपट वालं, सगळं पेनने, अर्ध्या युनिटचं पेन आहे. दिवसातून सहा-सात वेळा बोट टोचतो. वहीत सगळं लिहिते, अगदी किती फुलके खाल्ले ते सुद्धा.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला म्हणजे एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी चौदा दिवसांसाठी दंडाला सतत शुगर मोजणारा सेन्सर लावून बघितला होता. त्याच दरम्यान उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त द्यायला गेलो. शिरेतलं रक्त काढलं त्याच मिनिटाला मी तिथेच बाकड्यावर बसून बोट टोचलं. लॅबचा रिपोर्ट १६८, आमचा मीटर १८६, सेन्सर १५१. ह्यांचं म्हणणं मीटर बिघडलाय. मग इतके महिने आपण चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन देतोय का? ह्या विचाराने झोप उडाली माझी.

दुसरा रविवारचा प्रकार. संध्याकाळी साडेसहाला बोट टोचलं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, नेहमीसारखं. ३४०! हातपाय गळाले माझे, कारण दुपारचं जेवण अगदी मोजून दिलेलं. डॉक्टरांनी चार्ट दिलाय की १५० च्या वर दर ८० ला एक युनिट, त्या हिशोबाने अडीच युनिट दिलं. आणि सव्वा तासात पोरगी आली, "आई पाय लटपटतायत", ओठ पांढरे, कपाळावर घाम. ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी ६६, परत साखर, मग ९४. ती झोपली, मी रात्रभर तिच्या उशाशी बसून दर दोन तासांनी टोचत होते. ३४० वरून ५८ कशी काय आली? सेन्सर कायमचा परवडणारा नाही, महिन्याला दोन म्हणजे आठ-दहा हजार, त्यामुळे ह्या मीटरवरच सगळं आहे. कुणीतरी समजावून सांगा, प्लीज.

सचिन_कराड

मीटर बदला ताई. आमच्या वडिलांचा पण असाच उलटसुलट दाखवायचा, नवीन आणला आणि प्रॉब्लेम गेला.

बावीस_वर्षं_इन्सुलिन (पुणे)

ताई, आधी हे सांगते की ५८ ला तुम्ही जे केलंत ते अगदी बरोबर केलंत. साखर, पंधरा मिनिटं, परत चेक, परत साखर. घाबरलेल्या अवस्थेत एवढं नीट करणं सोपं नसतं. मला अकराव्या वर्षी टाइप वन झाला, आता तेहेतीस वर्षांची आहे, आणि माझ्या आईने अशा किती रात्री काढल्यात ते मला ठाऊक आहे.

मीटर लगेच बदलू नका. तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे बघा. तुमच्याच चार्टप्रमाणे एक युनिट साधारण ८० उतरवतं, मग अडीच युनिट पूर्ण काम संपेपर्यंत २०० उतरवणार. आणि झटपट इन्सुलिन झालं तरी त्याचं काम पूर्ण व्हायला तीन-चार तास जातात, सव्वा तासात जेमतेम निम्मं होतं. म्हणजे सव्वा तासात शंभरेक उतरली असेल. ५८ मध्ये शंभर मिळवा. साडेसहाला तिची खरी शुगर १५०-१६० च्या आसपास असणार. २८२ ची उतरण अडीच युनिटात होऊच शकत नाही, तेही सव्वा तासात. ते ३४० तिच्या रक्तात नव्हतं, तिच्या बोटावर होतं असं मला वाटतंय.

आठवून सांगा, साडेसहाच्या आधीच्या तासाभरात ती काय करत होती? फळ सोललं? गूळ, साखर, जॅम कशाला हात लागला?

लेकीची_आई (तासगाव)

अहो आंबे!!!

रविवारी नणंद आणि तिची मुलं आलेली, आमरसाचा बेत होता. परात घेऊन आम्ही दोघी अंगणात बसून आंबे पिळत होतो, तिला फार आवडतं ते, कोय पिळून पिळून पांढरी करेपर्यंत सोडत नाही. कोपरापर्यंत ओघळ आलेले. खाल्ला नव्हता हो तिने, रात्रीच्या जेवणात दोन चमचे मोजून द्यायचं ठरलं होतं. हात धुतले होते पण नुसते पिंपातल्या पाण्याने खळबळले, साबण नाही लावला. पण मी टोचण्याआधी स्पिरिटने पुसलं होतं ना? तरी होतं का असं? आत्ता लिहिताना हात थरथरतोय माझा, म्हणजे मी विनाकारण अडीच युनिट दिलं तिला.

बावीस_वर्षं_इन्सुलिन (पुणे)

ताई, स्वतःला दोष देऊ नका, मला सुद्धा हे इन्सुलिन सुरू झाल्यावर सात-आठ वर्षांनी कळलं, तेही कलिंगड कापताना. आणि हो, स्पिरिटने पुसून सुद्धा होतं. साखर पाण्यात चटकन विरघळते तशी स्पिरिटमध्ये विरघळत नाही, बोळा फिरवला की ती तिथल्या तिथे पसरते. फळ सोलल्यावर नुसतं स्पिरिट पुरत नाही आणि हात धुतले की आकडा बरोबर येतो, हे मुद्दाम प्रयोग करून तपासलेलं आहे.

ह्यात गंमत बघा किती बारीक आहे. स्ट्रिप जेवढं रक्त ओढते तो थेंब मोहरीच्या दाण्याएवढा, एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी. शुगर १५० असेल तर तेवढ्या थेंबात साखर असते दीड मायक्रोग्रॅम. आता बोटाच्या रेघांत वाळलेल्या रसाची नुसती पुसट चिकटण राहिली तरी ती दीड मायक्रोग्रॅमच्या कितीतरी वर जाणार. मीटरला काय कळणार की ही साखर रक्तातली का आंब्याची, तो बिचारा जेवढी दिसेल तेवढी मोजतो.

म्हणून साबण आणि पाणी, आणि मग हात अगदी कोरडा करायचा, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा उलटा कमी येतो. प्रवासात, शाळेत नळ नसेल तर पहिला थेंब कापसाने पुसून टाकायचा आणि दुसऱ्या थेंबावर टेस्ट करायची. बोट मधोमध नाही, कडेला टोचायचं, तिथे कमी दुखतं. थंडीत रक्त येत नसेल तर हात खाली सोडून थोडा हलवायचा, बोट दाबून दाबून पिळायचं नाही, पिळलं की रक्तासोबत आजूबाजूचं पाणी येतं.

माझ्यासाठी मी एकच नियम केलाय आणि तो कधी मोडत नाही. आकडा माझ्या अंदाजात बसला नाही, म्हणजे मी म्हणतेय दीडशे आणि मीटर म्हणतोय साडेतीनशे, तर इन्सुलिनला हात लावायच्या आधी साबणाने हात धुऊन दुसऱ्या हाताच्या बोटावर दुसरी स्ट्रिप. एक स्ट्रिप वीसेक रुपयांना पडते, मला माहितीये जीव तुटतो वाया घालवताना, पण ही वाया जात नाही. खालच्या बाजूला मात्र उलटं. हात थरथरतायत, घाम आलाय, मुलगी विचित्र चिडचिड करतेय आणि मीटर ७८ दाखवतोय तर दुसऱ्या स्ट्रिपची वाट बघू नका, आधी साखर द्या.

आणि दोनदा तपासून आकडा खरंच ३००-३५० निघाला तर तो तितकाच गांभीर्याने घ्या. लघवीच्या कीटोनच्या पट्ट्या घरात ठेवाच, मेडिकलमध्ये मिळतात, २५० च्या वर सतत राहिली किंवा मुलगी आजारी असली की तपासायचं. कीटोन आणि उलट्या दोन्ही असतील तर घरी थांबायचं नाही. ताप, जुलाब असताना जेवत नाहीये म्हणून लांब चालणारं इन्सुलिन बंद करायचं नाही, कमी-जास्त किती करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

लॅबवाला_नाशिक

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठरा वर्षं काम करतोय आणि रोज कोणीतरी घरचा मीटर घेऊन भांडायला येतं.

१६८, १८६, १५१. मी म्हणेन तिघेही आपापल्या जागी ठीक आहेत. घरगुती मीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७, २०१३ चं, त्यात अशी अट आहे की शुगर १०० किंवा वर असेल तर १०० पैकी ९५ रीडिंग लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत पाहिजेत आणि १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत. आता १६८ चे १५ टक्के म्हणजे २५. म्हणजे १४३ पासून १९३ पर्यंत काहीही आलं तरी मीटर पास. तुमचा १८६ त्यात बसला आणि सेन्सरसाठी निकष वेगळे असतात पण तोही ह्याच पट्ट्यात आहे. सात महिने तुम्ही चुकीचं इन्सुलिन दिलेलं नाही, शांत झोपा.

पण ह्याच नियमातून दुसरी गोष्ट निघते, खालच्या बाजूला तो १५ अंकांचा फरक फार मोठा असतो. मीटरवर ७० म्हणजे खरी ५५ असू शकते आणि ८५ पण असू शकते. वर ताईंनी लक्षणांवर विश्वास ठेवा म्हणून सांगितलंय ते म्हणूनच.

लॅबशी तुलना करायची तर तुम्ही केलीत तशीच करायची, उपाशीपोटी आणि त्याच मिनिटाला. जेवणानंतर केली तर बोटाच्या रक्तात शिरेपेक्षा शुगर जास्तच असते, तेव्हा मीटरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते, लॅबचा आकडा पण चुकू शकतो. रक्त नळीत काढल्यावर सुद्धा त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात, साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर तासाला ५ ते ७ टक्के शुगर कमी होते, उन्हाळ्यात अजून जास्त. त्यासाठी राखाडी टोपणाची नळी असते, तिच्यात फ्लोराइड असतं. गावातल्या कलेक्शन सेंटरला सकाळी सातला रक्त घेतलं आणि मेन लॅबला दुपारी पोचलं असं होतं कधी कधी, म्हणून रक्त काढताना टोपणाचा रंग बघायला आणि सॅम्पल कधी लावणार विचारायला अजिबात लाजायचं नाही, तो तुमचा हक्क आहे.

एचबीएवनसीचं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या टेस्टचं, पण जाता जाता. मुलीचं हिमोग्लोबिन तपासलंय का? लोह कमी असल्याने पंडुरोग असेल तर एचबीएवनसी खोटा जास्त येऊ शकतो, आपल्याकडे मुलींमध्ये हे फार आहे. रक्त चढवलं असेल, थॅलेसेमियासारखं काही असेल तर पण तो आकडा भरवशाचा नाही. साधारण ७ एचबीएवनसी म्हणजे सरासरी १५४, ८ म्हणजे १८३. तुमच्या वहीतली सरासरी आणि हा आकडा खूपच फटकून असेल तर डॉक्टरांना दाखवा.

चिपळूणचा_बाबा

माझा मुलगा तेरा वर्षांचा, पाच वर्षं झाली टाइप वनला. लॅबवाले दादा आणि ताईंनी मोठं काम केलंय, मी फक्त स्ट्रिपचं सांगतो कारण त्यात मी पोळलोय. कोकणातला पावसाळा, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे स्ट्रिपचं काय होणार. आमच्या ह्याला सवय होती डबीचं टोपण अर्धवट लावून ठेवायची आणि ऑगस्टमध्ये आठवडाभर सगळे आकडे काहीच्या बाही यायला लागले, कधी एरर, कधी सकाळी उठल्या उठल्या २६०. नवीन डबी उघडली, सगळं सुरळीत. स्ट्रिपवर एन्झाइम असतं, त्याला दमट हवा चालत नाही. तेव्हापासून कानाला खडा. स्ट्रिप काढली की लगेच टोपण, टक् आवाज येईपर्यंत. डबीवर मार्करने उघडल्याची तारीख लिहायची कारण एक्सपायरी वेगळी आणि उघडल्यानंतर किती महिने चालते ते वेगळं, ते डबीवर बारीक अक्षरात असतं. स्ट्रिप फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. गाडीच्या डॅशबोर्डवर तर नाहीच. मीटरला डबीचा कोड टाकायला लागत असेल तर नवीन डबीला तो बदललाय का बघा.

कंट्रोल सोल्युशन म्हणून छोटी बाटली मिळते मीटर कंपनीची, त्यात साखर ठरलेली असते, एक थेंब स्ट्रिपला लावायचा आणि डबीवर छापलेल्या रेंजमध्ये आकडा येतो का बघायचं. मेडिकलवाला नाही म्हणाला तर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा, मला त्यांनी पाठवून दिली. मीटर बिघडलाय का नाही ह्याचं घरातल्या घरात उत्तर मिळतं, भांडण मिटतं.

अजून एक, हे विषयाला सोडून आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. पेन बंद पडलं किंवा सुया संपल्या तर कार्ट्रिजमधलं, म्हणजे पेनच्या आतल्या नळीतलं, इन्सुलिन सिरिंजने काढून द्यायची वेळ येते. आपल्याकडे दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात. लाल टोपणाची यू-४०, ती साध्या बाटलीतल्या यू-४० इन्सुलिनसाठी, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. नारिंगी टोपणाची यू-१००, म्हणजे तेवढ्यातच १०० युनिट. पेनचं कार्ट्रिज यू-१०० असतं. एकदा घाईत दुकानातून लाल टोपणाची दिली गेली, बायकोने टोपणाकडे बघितलं म्हणून वाचलो. लाल सिरिंजवर ४ च्या रेघेपर्यंत कार्ट्रिजमधलं इन्सुलिन भरलं की पोरात १० युनिट गेलं, अडीचपट. घरात नारिंगीच्या दोन-चार आणून ठेवा आणि बाटली न् सिरिंज दोन्हीवरचा आकडा जुळवून बघा.

हितचिंतक_अमरावती

ताई एवढ्या लहान मुलीला रोज सुया टोचणं बघवत नाही. आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत, कारलं जांभूळ आणि अजून काही देतात, तीन महिन्यांत इन्सुलिन सुटलेलं बघितलंय मी. नंबर पाठवू का?

बावीस_वर्षं_इन्सुलिन (पुणे)

दादा, तुमचा हेतू चांगला आहे ह्यात शंका नाही, पण हे ह्या धाग्यावर तसंच सोडून देता येणार नाही मला. तुम्ही बघितलेला पेशंट बहुतेक टाइप टूचा असेल. टाइप वनमध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मारलेल्या असतात, कारल्याने त्या परत येत नाहीत. शिवाय निदान झाल्यावर पहिले काही महिने उरलेल्या पेशी थोडं काम करतात, इन्सुलिनची गरज एकदम कमी होते, त्याला हनीमून पिरियड म्हणतात, आणि नेमका त्याच काळात कोणीतरी काढा दिला की घरच्यांना वाटतं काढ्याने गुण आला. मग इन्सुलिन बंद होतं आणि पोरगं कीटोनमध्ये जातं. माझ्यासोबत त्याच वर्षी निदान झालेली एक मैत्रीण मी अशी गमावलीये, बारा वर्षांची होती. म्हणून कळकळीने सांगते.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या हॉस्पिटलात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याच्या आधी ह्या आजाराची मुलं उपाशी ठेवून काही महिने, फार तर दोन-तीन वर्षं जगवायचे. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन असतो आणि आपल्याकडे बालदिन पण त्याच दिवशी. मी दर वर्षी त्या दिवशी घरात गोड करते, कार्ब म्हणजे कर्बोदकं मोजून. क्रिकेटर वसीम अक्रमला १९९७ मध्ये टाइप वन निघाला, त्यानंतरही तो कित्येक वर्षं पाकिस्तानकडून खेळला, इन्सुलिन घेऊनच. ताई, नंबर घेऊ नका.

सेन्सरबद्दल सांगायचं राहिलं होतं. तो रक्त मोजतच नाही, कातडीखाली पेशींच्या मधलं पाणी मोजतो, आणि साखर आधी रक्तात बदलते मग त्या पाण्यात, त्यामुळे सेन्सर पाच-दहा मिनिटं, कधी पंधरा, मागे चालतो. शुगर स्थिर असेल तर फरक कळत नाही. पण ती पळत असेल तेव्हा, म्हणजे जेवल्यावर, खेळताना, लो झाल्यावर (शुगर फार उतरल्यावर), कळतो. लो झाल्यावर साखर दिली आणि पंधरा मिनिटांनी सेन्सर अजून ६० दाखवतोय म्हणून परत परत साखर पाजली की तासाभराने २८०. त्या वेळी बोटच टोचायचं. रात्री त्या कुशीवर झोपली की दंड दाबला जाऊन खोटी लो दाखवतो, अलार्म वाजतो, कूस बदलली की आकडा आपोआप वर. पहिला दिवस पण जरा भटकतो. आणि काही सेन्सरमध्ये व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या, दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर, घेतल्या तर आकडा खोटा जास्त येतो, पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं. तरी परवडेल तेव्हा, म्हणजे परीक्षेच्या महिन्यात, किंवा इन्सुलिन बदललं की, चौदा दिवस लावून घ्या, बाण दिसतो ना, वर चाललीये का खाली, ते बोट टोचून कधीच कळत नाही. १४० आणि खाली तिरका बाण असेल तर खेळायला सोडण्याआधी खायला देणार, १४० आणि सरळ बाण असेल तर बिनधास्त सोडणार.

आणि ताई, मीटर १५ टक्के चुकतो म्हणून झोप उडते आपली, पण ताटातला अंदाज आपण पन्नास टक्के चुकतो त्याचं काय? एक वाटी पोहे म्हणजे कुठली वाटी? हजार रुपयांच्या आत स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा येतो. ५० ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे साधारण ३८ ग्रॅम कार्ब, तेवढाच साबुदाणा ४३ च्या वर. ज्वारीच्या एका भाकरीला किती पीठ लागतं ते चार दिवस तोलून बघा, आपल्या हाताची भाकरी ठरलेली असते, मग कायमचं लक्षात राहतं. माझी आई अजून माझ्यासाठी भाकरी करताना गोळा काट्यावर ठेवते.

शिक्षिका_लातूर

मी पाचवीला शिकवते, माझ्या वर्गात दोन वर्षांपूर्वी असा मुलगा होता. ताई, जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना भेटा, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, लो झाली की कशी दिसते, काय द्यायचं, किती द्यायचं, फोन कोणाला करायचा. पेन्सिल बॉक्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या. सांगायचं हे की काही ठिकाणी मुलांना बोट टोचायला टॉयलेटमध्ये पाठवतात, ते चालवून घेऊ नका, वर्गातच बाकावर बसून करू द्या म्हणा. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र लिहिलंय की टाइप वनच्या मुलांना शाळेत शुगर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, मधल्या वेळेत खायला परवानगी द्या. सीबीएसईने तर २०१७ पासूनच बोर्डाच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी आत न्यायला परवानगी दिलीये. शाळेने कुरबुर केली तर त्या पत्राची प्रत दाखवा. आमच्याकडे आधी सगळे घाबरले होते, पण एकदा त्याने सगळ्या वर्गाला मीटर दाखवला, त्यानंतर मुलंच मला सांगायला लागली, बाई त्याचा चेहरा बघा, त्याची शुगर उतरलीये.

लंडनचा_कोल्हापूरकर

फक्त एक सूचना. भावाने, दिराने परदेशातून मीटर आणून देतो म्हटलं तर प्रेमाने नको म्हणा. इकडच्या मीटरवर आकडा वेगळ्या मापात येतो, मिलीमोल, तुमची १६८ इकडे ९.३ दिसते. १८ ने गुणायचं. मी आईला हौसेने एक पाठवला होता, तिने फोनवर सांगितलं शुगर चार आलीये, मी इकडे घाबरलो, मग लक्षात आलं की ४ म्हणजे तिकडची ७२. शिवाय त्या स्ट्रिप तासगावात मिळायच्या नाहीत.

लेकीची_आई (तासगाव)

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. सगळं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. लॅबवाल्या दादांचं १४३ ते १९३ ऐकल्यावर ह्यांनी वहीत स्वतः हिशोब करून बघितला आणि मीटर बदलायचा विषय संपला. हिमोग्लोबिन तपासलेलं नाही, पुढच्या तारखेला करून घेते. वैद्यांचा नंबर नको दादा, राग मानू नका.

काल रात्री मी स्वतःवर प्रयोग केला. दोन आंबे उरले होते. एक पिळला, हात वाळू दिला, मग स्पिरिटचा बोळा फिरवला, अगदी रविवारी तिचा फिरवला तसा. माझ्यासाठी वेगळी नवी लॅन्सेट (टोचायची सुई) घेतली, तिचं टोचायचं पेन नाही वापरलं. ही शेजारी बसून बघत होती, मीटर तिनेच धरला. २३१! मला डायबेटीस नाही हो. मग साबणाने हात धुतले, टॉवेलने कोरडे केले, दुसऱ्या हाताचं बोट, १०४. दोन मिनिटांच्या अंतराने. दोन्ही स्ट्रिप शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो आम्ही तिघं.

आज सकाळपासून ती मला टोचू देत नाहीये, आधी बेसिनकडे जाते, साबण लावते, फ्रॉकला नाही टॉवेलला हात पुसते आणि मग बोट पुढे करते. आणि वहीतलं रविवारचं पान उघडून तिने माझ्या ३४० वर काट मारली आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, आंबा.